औंदा लेक जिंकला

कळंबच्या व्याह्यांनो, पत्राचं उत्तर द्यायचं विसरता, जेवायचं बरं विसरत न्हाय कुणी! आज बारामतीत काय झालं ते ऐका. सांगतेय मी, लिहितेय शेजारची सुमन.

मेंढरं विकून मी नातीच्या नावानं बँकेत ठेव ठेवली. नियम असा, की पोर लहान हाय तवर तिचं व्याज आईबापांत ज्याची कमाई जास्त, त्याच्या उत्पन्नात धरायचं. लेक डेअरीत, सून मास्तरीण, पगार तिचाच जास्त. म्हणून व्याज दरसाली तुमच्या शोभाकडं. मी लेकाला चिडवायची, "बाप्या, औंदाबी हरलास!" शोभा पदराआड हसायची.

आज कराच्या वकिलानं सवयीनं विचारलं, "व्याज बाईंच्याच उत्पन्नात धरायचं ना?"

लेक खाली बघून म्हणाला, "न्हाय साहेब. ती वारली. आता माझ्यात धरा."

येताना एस्टीत बसलो. जळोचीचा थांबा आला तसा लेक म्हणाला, "आये, आज चिडवत न्हाईस व्हय?"

तुमी असता तर काय म्हणाला असता?

बापलेकीला घास उतरत न्हाय. दशम्या पाठवा, दुधात पीठ मळलेल्या, शोभा करायची तशा.