युगांडा आणि आमच्या नळाचं पाणी

युगांडातल्या एका शाळेत गणित शिकवायला येता का, म्हणून माझी मुलाखत झाली. शेवटी मुख्याध्यापिकेनं व्हिडिओवर विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय? पगार, घर, रजा, विचारण्यासारखं ढीगभर होतं. मी विचारलं, "तुमच्याकडं नळाला कितव्या दिवशी पाणी येतं?" बाईंना प्रश्नच कळेना. मग म्हणाल्या, "नळ उघडला की येतं."

संभाजीनगरच्या माणसाला दुसरं काय सुचणार? आमच्या गल्लीत साखरपुडासुद्धा पाण्याचा दिवस टाळून ठरतो.

घरात आम्ही दोघंच, मी आणि सत्तरी ओलांडलेले बाबा. त्यांचा जन्म लासूर स्टेशनच्या बाजारात कारकुनी करण्यात गेला, त्यामुळं माझी निवड झाल्याचं कळताच त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मधोमध रेघ मारली आणि ते उलटं भिंतीवर टांगलं. इकडं फायदे, तिकडं तोटे. फायद्यांत पहिलंच, 'रोज पाणी.'

मी तोट्यांत 'डास' लिहिलं.

"आन् आपल्या नाल्यावरचे काय पाव्हणे हायेत व्हय?" खोडलं.

'ज्वारीची भाकरी' लिहिलं, तर मोबाइलवर शोधून म्हणाले, "तिथं ज्वारी लई पिकती." तेही खोडलं.

'लोक अनोळखी.'

"खुलताबादच्या शाळंत लागलीस तवा कोण वळखीचं व्हतं?"

मला रागच आला. एकुलत्या एका लेकीला घालवायची एवढी घाई? आणि खरा तोटा मी लिहिलाच नव्हता. बाबांच्या गुडघ्यांनी कधीच हात टेकलेत. पाण्याच्या दिवशी अंगणातल्या खड्ड्यातल्या नळाला पाइप लावून स्वयंपाकघरापर्यंत ओढत न्यायचा, पिंप भरायचं, हे सगळं मीच करायचे. मी गेल्यावर कोण करणार? हे लिहायला माझा हात धजेना.

मग एकदा पाणी ठरल्या वेळेआधीच सुटलं. शेजारणीचा फोन आला तेव्हा मी शाळेत होते. धावतपळत घरी पोचले, तोवर नळ कोरडा. म्हटलं, संपलं, आता आठवडाभर बोंब.

आत आले तर पिंप काठोकाठ भरलेलं. हंडे भरलेले, पातेली, ताटल्या, वाट्या, चहाची किटली, पूजेतलं ताम्हन, माझा जेवणाचा डबासुद्धा. मधोमध खुर्चीवर बाबा, बाह्या ओल्या, गुडघ्याला पंचा बांधलेला. हातात तांब्या. पाइप ओढवला नाही, बादली उचलवली नाही, म्हणून त्यांनी तांब्या-तांब्यानं पाणी आणलं होतं.

त्यांनी भिंतीकडं बोट दाखवलं. कॅलेंडरवर तोट्यांच्या बाजूला, त्यांच्या कारकुनी अक्षरात लिहिलं होतं, 'म्हाताऱ्याचं पाणी कोण भरणार?' आणि त्यावर ठळक काट.

"येवढाच तोटा ऱ्हायला व्हता नं?"

मला रडू आवरेना. त्यांच्या गुडघ्याला तेल चोळता चोळता कसंबसं म्हणाले, "जाते."

"जा," बाबा म्हणाले. "पण आधी येक ताटली तरी रिकामी कर. सकाळधरनं उपाशी हाय मी."