ग्रिलचे चार बोल्ट

आमच्या हॉलची ग्रिल मी एका दुपारी तीस-चाळीस वेळा खाली पाडली. कॉम्प्युटरमध्ये. आणि दर वेळी खो खो हसले. त्या हसण्याची आजही लाज वाटते, पण सांगतेच.

तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आम्ही मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कात, तिसऱ्या मजल्यावर राहायचो. आई, बाबा, मी, आणि दिवसभरापुरती ताईची दहा महिन्यांची मुलगी. ताई नोकरीला जाताना तिला आईकडे सोडून जायची.

नया नगरातल्या मैत्रिणीने मला एका मारामारीच्या गेमची सीडी दिली होती. त्यात मॅप एडिटर होता, म्हणजे गेममधली जागा आपली आपण बांधायची. लोक किल्ले बांधतात. मी आमचीच बिल्डिंग बांधली! आमचा मजला, हॉलची खिडकी, खिडकीबाहेर काढलेली पिंजऱ्यासारखी ग्रिल, तिच्यात आईच्या कुंड्या आणि बाबांचा निळा ड्रम. पाणी एक दिवसाआड यायचं, त्यामुळे ड्रम कायम भरलेला.

एडिटरमध्ये कुठल्याही वस्तूवर क्लिक केलं की तिच्या फिजिक्सची सेटिंग्ज उघडायची. आधी सगळं स्टॅटिक असायचं. स्टॅटिक वस्तू म्हणजे ठोकून बसवलेली. तिच्यावर काहीही ठेवा, बॉम्ब फोडा, ढिम्म हलणार नाही. यात कसली आलीय मजा? मला सगळं धडाधड पडायला हवं होतं. मग ग्रिलचं स्टॅटिक काढलं आणि वजनं भरत बसले. कुंडी पाच किलो, ड्रम पन्नास लिटरचा म्हणून पन्नास किलो. फ्रिक्शनचा आकडा कमी केला की ड्रम साबणावरून घसरावा तसा घसरायचा. ग्रिल भिंतीला चार बोल्टांनी जोडली, आणि किती भार आला की बोल्ट तुटायचा तेही लिहायचं होतं. मी मनाला येतील ते आकडे ठोकून दिले. गेम सुरू केला तर ग्रिल ड्रमसकट सरळ खाली!

मैत्रिणीला फोन लावला. "अरे, वो स्लीपवाला टिक कर ना," ती म्हणाली. ते टिक केलं की वस्तू झोपते. कुणी तिला धक्का देईपर्यंत गेम तिच्या वजनाचा हिशेबच करत नाही. मी टिक केलं, आणि खरंच, ग्रिल जागच्या जागी राहिली. गंमत म्हणून एक बोल्ट काढला. मग दुसरा. मग चारही काढले. आयला! भिंतीशी काही संबंध नाही आणि ग्रिल हवेत मजेत उभी, कुंड्यांसकट! लांबून एक चेंडू मारला तशी ती जागी झाली आणि धाडकन खाली आपटली. बेडरूमचं दार लावून दोन तास मी हाच उद्योग करत होते.

संध्याकाळी चहा करायला बाहेर आले. आईने ग्रिलमध्ये गोधडी घातली होती. भाचीला काऊ-चिऊ दाखवत तिथेच भरवायचं, हा रोजचा नेम. नाहीतर बाईसाहेब तोंड उघडायच्या नाहीत. माझी नजर वरच्या बोल्टवर गेली. त्याच्याखाली भिंतीवर तपकिरी ओघळ होता. रोज असणारच, मी बघितला त्या दिवशी.

बाबा दर गणपतीच्या आधी ग्रिल स्वतः रंगवायचे. चंदेरी ऑइलपेंट, गंज असेल तर गंजावरून, बोल्टांवरूनही. अकरा वर्षांचे थर, त्यामुळे ग्रिल कायम नवीकोरी. मी खुर्चीवर चढून नखाने खरवडलं. रंगाची टोपी अख्खी निघून हातात आली आणि आतून लाल भुगा सांडला. बोल्टचं डोकं नव्हतंच.

"आई, तिला ग्रिलमध्ये ठेवू नकोस!"

"अगं, भात गार होतोय, सरक."

"ठेवू नकोस म्हणते ना!" मी पोरीला आईच्या हातातून हिसकावूनच घेतलं. ती भोकाड पसरून रडायला लागली.

बाबा पेपर टाकून उठले. "दिवसभर त्या डबड्यासमोर बसून डोकं फिरलंय हिचं. मी बसवलीय ही ग्रिल. अकरा वर्षांत हललीय का कधी?"

"कुणी हलवली नाही म्हणून हलली नाही, बाबा!"

"हे बघ," म्हणत त्यांनी दोन्ही हातांनी गज धरले आणि गदागदा हलवले.

कर्रर्र असा आवाज झाला. वरचे दोन्ही बोल्ट प्लास्टरसकट बाहेर आले. ग्रिल बाहेर झुकली, ड्रम घसरून पुढच्या गजांवर आपटला आणि एक कुंडी खाली गेली. ती फुटल्याचा आवाज यायला किती वेळ लागला, बाई गं! नशीब, खाली कुणी नव्हतं. बाबा गज धरून तसेच उभे. चेहरा पांढराफटक. मी पोरीला आईकडे देऊन दोरी आणली, ग्रिल आतल्या लोखंडी पलंगाला बांधली आणि पाइप लावून ड्रम रिकामा केला. तोवर बाबांनी हात सोडले नाहीत.

आई जमिनीवर बसली होती. मांडीवर पोर, बाजूला भाताची वाटी.

"दुपारी दोन तास झोपली होती गं ती तिथे," ती म्हणाली. "वारा छान येतो म्हणून मीच झोपवली. मधे चुळबुळ करायला लागली, तर मी हात घालून थोपटलं तिला."

"अक्कल आहे का तुला?" मी आईवर ओरडले. जन्मात तिच्याशी अशी बोलले नव्हते. आणि मग मलाच हुंदका आवरेना.

भाची मात्र आईच्या मांडीवरून खिडकीकडे हात पसरून आकांत करत होती. भूक लागली होती तिला, आणि तिला तिथेच बसून जेवायचं होतं.