लाल टिकलीचं कार्टून

अंघोळ झाली, कपाळावर विभूती ओढून झाली, की मल्लव्वाआक्का टिकल्यांची दोन पाकिटं हातात घेऊनच बाहेरच्या खोलीत यायच्या. एक लाल, एक हिरवं. त्या खोलीत त्यांची सीडी लायब्ररी होती. आदल्या दिवशी आलेली नवी सीडी त्या प्लेअरमध्ये घालायच्या, चहाचा पेला घेऊन समोर बसायच्या आणि पळवत पळवत का होईना, शेवटापर्यंत बघायच्या. मग डबीवर एक टिकली चिकटवायच्या. हिरवी असली तर घरातल्या सगळ्यांनी मिळून बघायचं. लाल असली तर पोरांना बाहेर खेळायला पाठवायचं.

मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत ही पद्धत व्हिडिओ कॅसेटच्या काळापासून होती. आक्कांचं माहेर गडहिंग्लजच्या पलीकडे, पार हद्दीवरचं. घरात कन्नड आणि दारात मराठी अशी त्यांची वाटणी असायची, आणि मराठीतही हद्दीवरच्या बायकांसारखं त्या ‘मी आलो, मी गेलो’ असंच म्हणायच्या. नवरा अण्णाप्पा गुळाच्या अडतीत दिवाणजी. सिनेमाचा नाद मात्र आक्कांचा. इंग्रजीतलं अक्षर कळत नसल्यानं इंग्रजी सिनेमा त्या आवाज बंद करून बघायच्या. कधी कधी चुकायच्याही. एकदा एका देवाच्या सिनेमाला राक्षस फार रडवतो म्हणून त्यांनी लाल टिकली लावली होती, तेव्हा तालमीतली पोरं आठवडाभर हसत होती. त्यांना ‘सेन्सॉरआक्का’ हे नाव तेव्हाच पडलं. पण नाव ठेवणारेही डबी हातात घेतली की आधी टिकलीकडं बघायचे. आक्कांना तेवढं पुरे होतं.

कार्टूनच्या सीड्या यायला लागल्या आणि घोटाळा झाला. आमच्याकडं त्या शब्दाचा अर्थ कुणाला विचारावाच लागला नाही. कार्ट्यांचं ते कार्टून, असा सरळ हिशेब होता. रंगीत चित्रं हलतात, डोळे बशीएवढे असतात, म्हणजे ते पोरांचंच. त्यावर लाल टिकली लागू शकते हे कुणाच्या डोक्यातच यायचं नाही.

दोन हजार तीनच्या मे महिन्यात पुण्याहून आलेल्या सीड्यांच्या गठ्ठ्यात एक सीडी होती. डबीवर नारिंगी रंगाचं अंतराळयान आणि तीन डोळ्यांचा कप्तान. आक्कांनी ती बघायला घेतली आणि चहा निवला. पुढच्या कुठल्या तरी काळात एक खटारा यान ग्रहाग्रहांवर माल पोचवत असतं. यानावरच्या एका पोराची आई अपघातात मरते. पोरगं रडून डोकं उठवतं म्हणून कप्तान यंत्रातून दुसरी आई काढतो. ती चहात वंगण घालते, म्हणून तिला दार उघडून बाहेरच्या काळोखात ढकलतात आणि तिसरी काढतात. तिसरी हसायची थांबतच नाही. तिलाही ढकलतात. शेवटी काचेबाहेर कितीतरी आया तरंगत असतात, हात हलवत.

“हे काय इनोद म्हनायचा?” आक्का अण्णाप्पांना म्हणाल्या. अण्णाप्पांनी तेवढ्यात एकदा पडद्याकडं बघितलं आणि ते हसले. आक्कांनी पाकिटातली त्यातल्या त्यात मोठी लाल टिकली काढून डबीवर दाबून बसवली.

दोन दिवसांनी समोरचा कृष्णातदादा आला. तो उद्यमनगरात लेथवर कामाला होता. त्याची बायको, रत्नमालावहिनी, मिरजेच्या दवाखान्यात होत्या. डोक्यात गाठ निघाली होती आणि ऑपरेशन झालं होतं. त्यांची सहा वर्षांची लेक पूर्णी आजीपाशी, धोंडुबाईंपाशी होती.

“आक्का, पोरीसाठी काय तरी द्या की. म्हातारीच्या डोक्यावर मिऱ्या वाटायलीया.”

आक्कांनी सशा-अस्वलाची हिरवी सीडी दिली. कृष्णातदादाची नजर यानावर गेली.

“ही पण द्या.”

“ती पोरीची न्हाय. मोठ्यांचं कार्टून हाय.”

“मोठ्यांचं असतंय व्हय कार्टून? मग मोठ्यांची दुपटी पण ठेवा की दुकानात.”

“तुला बघायची तर ने. लाल हाय, ध्यान ठेव. पोरीच्या हाताला लागू देऊ नको.”

“तुमचं सेन्सॉर म्हंजे दिल्लीपेक्षा कडक,” असं म्हणत त्यानं दोन्ही नेल्या. घरी त्यानं यानाची सीडी कपाटावर ठेवली. उंचावर ठेवली, एवढी काळजी त्यानं घेतली होती. पण आईला काही सांगितलं नाही. त्याला वाटलं, टिकली आहेच की.

धोंडुबाईंना टिकल्यांची भानगड माहीत नव्हती. त्या गावाकडनं सून आजारी पडल्यावर आल्या होत्या. सशा-अस्वलाची सीडी पूर्णीनं इतक्यांदा बघितली की ती अडकायला लागली. तेव्हा धोंडुबाईंनी कपाटावरची दुसरी काढली. डबीवर कुणाची तरी टिकली चिकटून राहिलेली दिसली. चांगली नवी टिकली, वाया कशाला घालवायची म्हणून त्यांनी ती सोडवून घेतली आणि नातीच्या कपाळाला लावली. सीडी आत सरकवली. मग त्या भाकऱ्या थापायला गेल्या.

दुपारी नळावर आक्कांना पूर्णी भेटली.

“नटलीस काय गं?”

“आज्जीनं लावली,” पूर्णी म्हणाली. एरवी तोंडाची टकळी चालू असलेली पोरगी तेवढंच बोलून उभी राहिली. आक्का हसल्या आणि कळशी भरून घरी गेल्या.

रत्नमालावहिनी घरी आल्या त्या दिवशी सगळी गल्ली दारात होती. रिक्षातून उतरल्या त्या बारीक झालेल्या, डोक्याला रुमाल, आवाज विहिरीतून आल्यासारखा. भाकरतुकडा ओवाळून टाकला. धोंडुबाईंनी पूर्णीला पुढं ढकललं. पूर्णीनं आईकडं बघितलं, आईच्या मागं जाऊन बघितलं आणि आजीच्या लुगड्यात तोंड घातलं.

“ही दुसरी काढलेली हाय,” ती म्हणाली. “खरी कुठं ढकलली?”

लोक आधी हसले. पोरगी लाजली असं म्हणाले. पण दुसऱ्या दिवशीही तेच, चौथ्या दिवशीही तेच. वहिनींनी वाढलेलं ती खाईना. त्यांनी दिलेला चहा तिनं वास घेऊन मोरीत ओतला. वहिनी खोलीत आल्या की पूर्णी भिंतीला पाठ लावून उभी राहायची. एकदा वहिनी दाराची कडी काढायला उठल्या तेव्हा ती किंचाळली. धोंडुबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. जोतिबाचा अंगारा लावला. वहिनी रुमाल नीट करून भिंतीकडं तोंड करून पडायच्या. दवाखान्यात त्यांनी एवढे दिवस कशाच्या आधारावर काढले होते ते सगळ्यांना माहीत होतं.

‘दुसरी काढलेली’ हे कुठून आलं ते पूर्णीनं यानाच्या डबीकडं बोट दाखवलं तेव्हा कृष्णातदादाला उमगलं आणि तो ती सीडी घेऊन आक्कांच्या दारात आला. मागोमाग धोंडुबाई.

“घाण सीडी दिलासा आमच्या पोरीला,” धोंडुबाई म्हणाल्या.

“मी लाल लावलोतो. तुमच्या ल्योकाला सांगितलोतो.”

“टिकली न्हवती. डबीवर कायबी न्हवतं.”

नळावरचं ते कपाळ आक्कांच्या डोळ्यांपुढं आलं असावं.

“धोंडुबाई, त्या दिवशी पोरीच्या कपाळाला टिकली कुठली लावलासा?”

“डबीवरची. का?”

“आवं, ती म्हंजेच… ती काढायची न्हवती.”

धोंडुबाईंनी त्यांच्याकडं वेड्या बाईकडं बघावं तसं बघितलं. “टिकली कपाळाला लावायची न्हाय तर कुठं लावायची?”

कृष्णातदादा खाली बघत राहिला. ‘तुम्ही सांगितलं होतं’ एवढे तीन शब्द त्यानं त्या दिवशी उच्चारले असते तर बरं झालं असतं. तो म्हणाला, “ठेवायचीच कशाला असली सीडी?”

मग गल्लीनं ते वाक्य उचललं. दूधवाल्यापासून तालमीच्या वस्तादांपर्यंत सगळे म्हणायला लागले, ठेवायचीच कशाला. आक्कांना एकाच गोष्टीचा संताप यायचा. जो येईल त्याला त्या विचारायच्या, “तू बघितलास?” कुणीच बघितली नव्हती. “न बघता कसं काय कळतंय रे तुमाला? मला तर बघून बी धड कळंना.” लोक हसायचे. त्या आत जाऊन भांडी आपटायच्या. माझ्या आईपाशी येऊन त्या तेच ते बोलत बसायच्या आणि आईनं हो म्हटलं तरी त्यांचं समाधान व्हायचं नाही.

अण्णाप्पा वैतागून म्हणाले, “फोडून टाक जा ती.”

“फोडली तर पोरीच्या डोक्यातली फुटतीया व्हय?” आक्का म्हणाल्या. सीडी त्यांनी देवघराखालच्या फळीवर ठेवली.

एका दुपारी रत्नमालावहिनी एकट्याच आल्या. गल्ली ओलांडतानाही त्यांना धाप लागली होती. पुढं काय झालं ते त्यांनीच मला मागाहून सांगितलं.

“भांडायला आलीस काय, तंगी?” आक्कांनी विचारलं. धाकट्या बहिणीला त्यांच्याकडं तंगी म्हणतात. रागावलेल्या असल्या तरी त्या असंच म्हणायच्या.

“न्हाय. लावा ती. माझी लेक मला भितीया, ते कशाला ते तरी बघू दे.”

आक्कांनी दार लोटून घेतलं. या खेपेला त्यांनी काही पळवलं नाही. आवाजही चालू ठेवला, इंग्रजी दोघींनाही कळत नव्हतं तरी. दुसऱ्या आईनं चहात वंगण घातलं आणि कप्तानाच्या तिन्ही डोळ्यांतून धूर निघाला तेव्हा वहिनींना हसू फुटलं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

“हसू येतंय की वो, आक्का.”

“येतंयच की. म्हणून तर मोठ्यांचं म्हनायलोय.”

मग कप्तान तिसऱ्या आईला दाराकडं घेऊन जातो ते आलं. ती पाठमोरी झाली. तिच्या डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर, एक शिवण होती. जाड काळ्या टाक्यांची, आडवी. प्रत्येकीला होती. यंत्रातून काढलेली ओळखायची खूणच ती. पहिल्यांदा बघताना आक्कांनी तो भाग पळवला होता.

वहिनींचा हात आपोआप डोक्यामागच्या रुमालावर गेला. आक्कांनी ते बघितलं. पडद्यावर आया तरंगत होत्या.

“घरी आले तवा ती माझ्या मागं येऊन बघून गेली. रुमालाखालनं टाके दिसले असतील,” वहिनी म्हणाल्या.

“मला दिसलंच न्हवतं गं ते. बघतो बघतो म्हणतो आणि हे दिसलं न्हाय.” आक्कांचा स्वर चिडका होता, पण चीड स्वतःवरची होती. “आता झाकू नको. झाकलीस तर तिचं तेच खरं हुतंय.”

त्या संध्याकाळी वहिनींनी घरात रुमाल सोडला. पूर्णी भिंतीला लागून उभी होती. वहिनी तिच्याकडं पाठ करून बसल्या, खोबरेल तेलाची वाटी मागं ठेवली आणि म्हणाल्या, “माझा हात पोचंना. जरा तेल लाव की.” पूर्णी आली नाही. दुसऱ्या संध्याकाळीही आली नाही. धोंडुबाई म्हणाल्या, पोरीला कशाला दावतीस असलं. वहिनी रोज तशाच बसत राहिल्या. किती संध्याकाळी गेल्या ते त्यांना आता आठवत नाही. एकदा मानेवर तेलाचं गार बोट टेकलं, लगेच निघालं.

“दुखतंय?” पूर्णीनं विचारलं.

“दुखतंय की. हळू लाव.”

कार्टूनमधल्या आयांना काही दुखत नसतं. पूर्णी थोडा वेळ थांबली आणि पुन्हा बोट लावलं. एवढंच. ती लगेच गळ्यात पडली वगैरे काही नाही. चहाचा वास घेणं पुढं बरेच महिने चालू राहिलं.

आक्कांची गल्लीनं माफी वगैरे मागितली नाही. तालमीतली पोरं दुकानात आली की कपाळाला हात लावून विचारायची, “आक्का, आज कुठली लावू?” कृष्णातदादा समोरून जाताना मान खाली घालायचा. आक्कांनी टिकल्या बंद केल्या. “टिकली बघून कोन थांबतंय. निघतीया ती,” असं म्हणायच्या. त्यांनी नवा नियम काढला. पोरांसाठी काही न्यायचं असेल तर मोठ्या माणसानं आधी दुकानात बसून बघायचं, मगच घरी. लोकांना एवढा वेळ कुठला? गिऱ्हाईक कमी झालं. अण्णाप्पा कुरकुरले. आक्का हटल्या नाहीत आणि कुणी बसत नाही म्हणून चिडायच्याही थांबल्या नाहीत. पुढं घरोघर केबल आली, पोरं थेट टीव्हीवर काहीही बघायला लागली, तेव्हा तर त्या चिडून चिडून थकल्याच.

दोन हजार सहाच्या दिवाळीनंतर त्या भाच्याच्या लग्नाला माहेरी गेल्या. तिथंच मांडवात छातीत कळ आली आणि त्या गेल्या. बातमी आली तेव्हा रत्नमालावहिनी आमच्या घरात येऊन जमिनीवर बसल्या. केस पुन्हा लांब झाले होते त्यांचे.

आक्का माहेरच्या एस.टी.त बसल्या त्याच्या आदल्या दुपारी कृष्णातदादा दुकानात गेला होता. पूर्णीला तेव्हा दहावं लागलं होतं. तिला एक कार्टून हवं होतं, मैत्रिणीनं सांगितलेलं. दारात उभं राहून त्यानं नाव सांगितलं. आत यावं की नाही हे त्याला कळत नव्हतं. आक्कांनी सीडी काढली, त्याच्या हातात दिली नाही, प्लेअरमध्ये घातली आणि त्याच्याकडं न बघताच म्हणाल्या,

“बस हितं. ती खुर्ची हलतीया, भिताडाला टेकून बस.”