दाढ न काढणारे डॉक्टर

आमच्या मुरुम गावात दाढ काढून घेण्याइतकं अवघड काम दुसरं नव्हतं, आणि त्याला कारण आमचे दातांचे डॉक्टर. माणूस गाल धरून "काढूनच टाका" म्हणत आत जायचा आणि अर्ध्या तासानं सगळे दात शाबूत घेऊन, वर बोलणी खाऊन बाहेर यायचा. ताटकळलेल्या रोग्यांना ते स्वतःच्या डब्यातली भाकरी द्यायचे आणि कोण कुठल्या बाजूनं चावतंय ते दारातून बघत राहायचे. लग्नाच्या पंगतीत त्यांच्यासमोर बसायला लोक कचरत. जिलेबी तोंडात जाते न जाते तोच ते म्हणत, "पाटील, डावीकडनं बी चावा की. ती बाजू काय भाड्यानं दिलीय?"

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा माझं तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नव्हतं. चौथीच्या वर्गाला धडा वाचून दाखवताना कानाजवळ कट् वाजलं आणि जबडा अडकला. दुखणं वर्षभराचं होतं. परगावी एकानं त्यापायी एक दाढ काढलीही होती, दुखणं जागच्या जागी. आता दुसरीही काढून टाकायची, असं ठरवूनच मी गेले होते. शाळेतल्या बाईचं तोंडच मिटलं तर तिनं शिकवायचं कसं, या धास्तीनं मी खचले होते.

डॉक्टरांनी माझ्या कानांपुढे बोटं ठेवली आणि "उघडा, मिटा" म्हणत डोळे मिटून बसले. मग कपाटाची बिजागरी दाखवली. "बाई, जबड्याला बी अशीच बिजागरी असती. दोन हाडांमधी मऊ चकती असती. ती सरकली की कट् वाजतं, लई सरकली की तोंड अडकतं. दाढंचा काय गुन्हा?"

"पण ती सरकते कशानं?"

"कुणाला मार लागतो, कुणाला संधिवात, कुणी काळजीनं दात आवळतं. बऱ्याचदा चार कारणं मिळून येतात. तुम्ही झोपंत दात खाता काय?"

"झोपेत मला काय कळणार?"

"मालकास्नी इचारा."

घरी विचारलं. नवरा गोंधळून म्हणाला, "रातची ती करकर तू व्हय? मी दोन वर्षं उंदराचं औषध टाकतोय."

दोन वर्षांपूर्वीच सासऱ्यांना अर्धांगवायू झाला होता, आणि त्यांचं सगळं मी एकटी बघत होते. हे ऐकून डॉक्टरांनी मला शेक, मऊ खिचडी आणि झोपताना दातांवर बसवायची पट्टी दिली. नवऱ्याला बोलावून सांगितलं, "निम्मं तुम्ही बघा. औषध तुम्हाला, गुण बाईंना." नवऱ्यानं ते मुकाट्यानं पाळलं. तीन महिन्यांनी मी अख्खा धडा न थांबता वाचला.

आता त्यांनी दवाखाना बंद केलाय. गेल्या महिन्यात मी आभार मानायला त्यांच्या शेतावर गेले. ते तुरीला पाणी देत होते. "दाढ काढायचा एवढा राग का हो?" मी विचारलं.

"आईचं बी असंच दुखायचं," ते म्हणाले. "एकेक करून सगळे दात काढले तिचे. दुखणं ऱ्हायलंच. कुणी कानाम्होरं बोट लावून बघितलं न्हाय." मग खोरं उचलून ते पुढच्या सरीकडे गेले.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून होते. डॉक्टरांचे आभार मानायचे राहूनच गेले होते. मनात मात्र मी कधीही न पाहिलेल्या त्या माउलीशी बोलत होते.