खाला, गुरुजी आणि माझे सांधे

लग्न होऊन मी धामणगाव बढ्याला आले तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. माझे यजमान तिथल्या शाळेत गणित शिकवायचे. सगळा गाव त्यांना गुरुजी म्हणे. नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती, म्हणून मीही मनातल्या मनात त्यांना गुरुजीच म्हणू लागले. माझं माहेर साताऱ्याकडचं. इकडच्या बायका 'मी जातो, मी येतो' असं पुरुषांसारखं बोलत, त्याचं मला सुरुवातीला फार हसू यायचं. सासूबाईंना माझं बोलणं शाळेच्या पुस्तकातल्यासारखं वाटे. तसं त्या तोंडावर सांगतही.

मुलगी सहा महिन्यांची असताना माझं दुखणं सुरू झालं. सकाळी उठलं की बोटं मिटायची नाहीत. मग मनगटं सुजली, मग पाऊल टेकवेना. बाळंतपणाची कसर असेल, असं सगळ्यांना वाटलं. चारेक महिन्यांनी गुरुजी मला मलकापूरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर वयस्कर होते, शांत होते. त्यांनी माझे दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवायला सांगितले, बराच वेळ बघितले आणि म्हणाले, "हा सांध्यांचा वात आहे. तुम्हाला खोटं सांगत नाही, हा जाणारा आजार नाही. कमी-जास्त होत राहील. सांभाळून राहायचं."

तेव्हा मी बावीस वर्षांची होते.

गोळ्या घेतल्या की पोटात आग पडायची, नाही घेतल्या की सांधे धरायचे. शेवटी सासूबाईंनी खालाला बोलावलं. गावातल्या बाळंतिणींना आणि बाळांना खालाचेच हात लागलेले. हिंदू-मुसलमान दोन्ही घरांत ती जायची आणि लहानथोर सगळे तिला खाला, म्हणजे मावशीच, म्हणायचे. बुटकी, रुंद हाडाची, पांढरं स्वच्छ लुगडं आणि हातात एकही बांगडी नाही. बांगडी मालिशच्या आड येते, असं ती सांगायची.

पहिल्या दिवशी ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "बेटी, कुठं दुखते ते नको सांगू. सकाळी उठल्यावर पयले काय करता येत नाही, ते सांग."

आजवर असं कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "वेणी घालता येत नाही." एवढं बोलले आणि मला रडू फुटलं. सासूबाई चहा टाकायच्या निमित्तानं आत गेल्या.

खालानं तिळाच्या तेलात लसूण आणि ओवा घालून ते शेगडीवर तापवलं, आणि दोन तास माझं अंग रगडलं. पाठ, पोटऱ्या अशा मोकळ्या झाल्या की त्या दुपारी मी कितीतरी दिवसांनी गाढ झोपले. पण सुजलेली मनगटंही तिनं तशीच जोर लावून चोळली होती. दुसऱ्या दिवशी उजवं मनगट भरताच्या वांग्यासारखं टरटरलं आणि अंगात तापही भरला.

खाला आली, मनगट बघितलं आणि माझ्यासमोर खाली बसली.

"माह्यं चुकलं बेटी," ती म्हणाली. "मी बाळंतिणीचं अंग समजून रगडलं. हे अंग अलग हाये."

सासूबाई म्हणाल्या, "मंग आता काय करतं खाला? राहू दे का?"

"राहू काऊन द्याचं? गुरुजी मलकापूरले जातीन तं डॉक्टरले इचारा, कुठं हात लावू अन् कुठं नोको लावू. मी तवरोक थांबतो."

चाळीस वर्षं मालिश करणारी बाई असं बोलली, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. गुरुजींनी तिचा प्रश्न वहीच्या कागदावर लिहून नेला. डॉक्टरांनीही तो हसण्यावारी नेला नाही. सांधा लाल असेल, गरम असेल तर त्याला दाबायचं नाही. त्याच्या वरचं आणि खालचं मांस हलक्या हातानं मोकळं करायचं. रोग्यानं नको म्हटलं की तिथंच थांबायचं, असं त्यांनी कागदाच्या मागच्या बाजूला लिहून दिलं. गुरुजींनी ते खालाला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "समजदार हाये डॉक्टर."

त्यानंतर पुढचं दीड वर्ष खाला एक दिवसाआड दुपारी यायची. आल्यावर आधी हाताच्या पालथ्या बाजूनं माझे सांधे चाचपायची, पोराचा ताप बघावा तसे. गरम लागले तर तेलाची वाटी बाजूला सारायची. निरगुडीचा पाला पाण्यात उकळून त्याच्या वाफेवर हात धरायला लावायची. तेही सोसवत नसलं तर नुसते माझे पाय मांडीवर घेऊन बसायची आणि गावातल्या गोष्टी सांगायची. कुणाच्या मिरच्या चांगल्या आल्या, कुणाच्या घरी सोयरीक जमून राहिली. त्या नुसत्या बसण्यानंही मला बरं वाटायचं. माझं दुखणं खरं आहे, हे मला त्या वेळी कुणाला पटवून द्यावं लागत नव्हतं. गरम तेलाचा, ओव्याचा तो वास, भिंतीपलीकडे मळणीचा आवाज आणि माझी मुलगी खालाच्या पाठीला टेकून झोपलेली. त्या दुपारी आठवल्या की आजही जीव निवतो. मी बरी झाले नाही. पण माझी वेणी मी पुन्हा घालू लागले.

मग एके दिवशी खाला म्हणाली, "माह्या पोरीचे दिवस भरत आले. मी सोनाळ्याले तिच्या सासरी जातो. तीन महिने काही येत नाही."

"मंग हिचं कसं?" सासूबाईंनी विचारलं.

"गुरुजीले शिकवतो."

मला तर कुठं बघावं कळेना. त्या काळी आमच्यात दिवसाउजेडी नवरा-बायको एका खाटेवर बसत नसत. गुरुजी दारातच चपला काढत होते, त्यांनी ऐकलं. ते म्हणाले, "माझ्याच्यानं होईल का, खाला?"

"पीठ मळता येते का?"

"नाही."

"मंग आधी ते शिका."

पुढच्या रविवारी, वर्गात पोरांना चळाचळा कापायला लावणारे आमचे गुरुजी बाह्या सरसावून परातीपुढे बसले. खाला समोर. ते मुठीनं पीठ ठोसत होते आणि ती सारखी म्हणत होती, "मारू नका, गुरुजी. त्यानं काय गुन्हा केला? तळहातानं ढकला. आता सोडा. दाबल्यावर सोडाले शिका." सासूबाईंनी पदर तोंडाला लावला होता, त्या हसत होत्या की रागावल्या होत्या ते दिसत नव्हतं. तिसऱ्या रविवारी पिठाचा उंडा मऊसूत झाला, तेव्हा कुठं खालानं त्यांना माझ्या पोटरीला हात लावू दिला.

ती सोनाळ्याला गेल्यावर पहिल्या दुपारी गुरुजींनी दार लोटून घेतलं, तेल तापवलं आणि मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. पाढे म्हटल्यासारखं. मला हसू आवरेना. मग त्यांनी माझं डावं पाऊल उजेडाकडे वळवलं आणि त्यांचं मोजणं थांबलं.

"ही बोटं अशी कधी झाली?"

"झालं की वर्ष-दीड वर्ष."

"मला बोलली नाहीस."

ते पाऊल हातात धरून तसेच बसून राहिले. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि माझे पाय त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितले. मग त्यांनी पुन्हा तेल घेतलं, पण आता ते मोजत नव्हते.

ही गोष्ट गल्लीत लपणं शक्यच नव्हतं. दोन आठवड्यांत शेजारची बाई विरजण मागायच्या निमित्तानं आली आणि लोटलेल्या दाराकडे बघत म्हणाली, "गुरुजी घरी हायेत वाटते? काय करून राह्यले?"

मी आत खाटेवर, पाय गुरुजींच्या हातात. आम्ही दोघंही श्वास रोखून थांबलो. सासूबाई आता काहीतरी थाप मारतील असं मला वाटलं.

"सुनेचे पाय चोळून राह्यला," सासूबाई म्हणाल्या. "तिले बीमारी हाये. अजून काही इचाराचं हाये का विरजण देऊ?"

बाई विरजण घेऊन गेली. गुरुजींनी माझ्याकडे बघितलं आणि खाली मान घालून कामाला लागले. त्या संध्याकाळी मी सासूबाईंच्या पाया पडले. त्यांनी विचारलं, "काऊन वं? आज काय सण हाये?"

पीठ मळण्याचं मात्र कायमचं गुरुजींकडेच आलं. माझ्या बोटांना ते जमतच नव्हतं आणि त्यांना आता येत होतं. शाळेत जाण्याआधी ते परात घेऊन बसत. सुरुवातीला दार लावून, पुढं पुढं उघड्या दारात.

खाला नातू झाल्याचे पेढे घेऊन परतली. आल्या आल्या तिनं माझी पोटरी, मांडी, पाठ आणि खांदे चाचपले आणि गुरुजींना म्हणाली, "पाय चांगले सांभाळले. खांद्याले हात लावाले लाजले वाटते तुम्ही?" गुरुजींचे कान लाल झाले.

पुढं आमची बदली लोणार तालुक्यात सुलतानपूरला झाली. निघताना खाला बसपर्यंत आली नाही. तिला असे निरोप आवडत नसत. आदल्या दिवशी तिनं नेहमीसारखी मालिश केली, हात पुसले आणि निघून गेली. तीन वर्षांनी धामणगावाहून सासूबाईंच्या चुलतभावाचं पत्र आलं, त्यात खाला गेल्याचं चार ओळींत लिहिलं होतं. त्या दिवशी आमच्या घरात कुणाला जेवण गेलं नाही.

सुलतानपुरात गुरुजींनी नेमानं, पुढं निवृत्तीनंतरही, माझी मालिश केली. आजार कमी-जास्त होत राहिला, डॉक्टर म्हणाले होते तसाच. बोटं वाकडी झाली, उजवा गुडघा कायमचा धरला. पण मी हिंडत फिरत राहिले. लेकीचं लग्न केलं, नातवंडं पाहिली. गुरुजी गेले त्याला आता आठ वर्षं झाली.

आमच्या मालिशचं कळल्यावर सुलतानपूरच्या बायका दुखणं घेऊन माझ्याकडे यायच्या. माझ्या हातात जोर नव्हता, म्हणून मी नुसतं बसून सांगायचे: आता तळहातानं, आता सोड. शिकायला बरोबर कुणाची लेक असे, कुणाची जाऊ. दोघीजणी तर नवऱ्यालाच घेऊन आल्या होत्या. बिचारे फार लाजत होते, पण शिकले.