पद्मालयात प्रभा दिसेना तेव्हा

प्रभाला सहलीला न्यायचं की नाही, यावर माझं मन बरेच दिवस अडून बसलं होतं. धुळ्याला आम्ही कॉलेजात एकत्र होतो. आमचा माजी विद्यार्थिनींचा आता एक गट आहे, सहल त्याचीच. कोण मुलीकडे अमेरिकेला गेली, कुणाला नातू झाला, या बातम्या मीच सगळ्यांना कळवते. प्रभाची बातमी मात्र कळवायला मी धजले नाही. तिला विसरायला होत होतं. घर, रस्ते, कधी कधी पोटचा मुलगासुद्धा. आम्हा मैत्रिणींना मात्र ती नावानिशी ओळखायची. "मावशी, तुमच्या भरवशावर पाठवतो," तिचा मुलगा म्हणाला, तेव्हा मी होकार दिला.

एरंडोलजवळ पद्मालयाच्या गणपतीला आम्ही दुपारी पोचलो. गाडीतून उतरल्यापासून मी तिचा हात सोडला नव्हता. गाभाऱ्यात शेजारी शेजारी दोन गणपती. नमस्कारासाठी मी हात जोडले, डोळे मिटले. उघडले तेव्हा प्रभा शेजारी नव्हती.

वाटलं, बाहेर बसली असेल. बाहेर नव्हती. गाडीतही नव्हती. देवळासमोरच्या तळ्याकडे बघायचं मला धाडस होईना. कमळाच्या पानांनी पाणी झाकलेलं, खालचं काही दिसत नव्हतं. एक पान जरासं हललं आणि मी मान फिरवली. मैत्रिणी हाका मारत जंगलाच्या बाजूला पांगल्या. "तिच्या मुलाला फोन कर," कुणीतरी ओरडलं. मोबाइल हातात घेतला, पण त्याला सांगणार काय होते मी?

पायरीवर बसले. खरं सांगते, देवाचा राग आला. तुला हात जोडायला म्हणूनच तिचा हात सोडला ना! मग एकामागून एक नवस बोलले. तेही संपले. "मला जमत नाही रे. आता तूच सांभाळ तिला," एवढंच तोंडून गेलं. भीती काही गेली नाही, पण उठता आलं.

रस्त्यावर आले, तर लांबून दोघी येताना दिसल्या. नऊवारीतली एक बाई, आणि तिचा हात धरून प्रभा.

"तुमनी शे का हाई माय?" बाईने अहिराणीत विचारलं. "एकलीच चाली राहिंती. म्हने, कॉलेजले जाणं शे, मैत्रिणी वाट देखी राहिन्यात. मंग मी लई उनू इले."

मी तिच्या पायाशी वाकले, तर तिनेच मला धरून उठवलं. तिची सून बाळंतपणासाठी एरंडोलच्या दवाखान्यात होती. तिकडे जाणारी रिक्षा समोर आलेली, ती सोडून ही बाई प्रभाला घेऊन उलट देवळाकडे चालत आली होती. आम्ही आमच्या गाडीतून तिला दवाखान्यापर्यंत सोडलं. ती घाईने उतरून आत गेली. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

धुळ्याच्या वाटेवर प्रभाने मला विचारलं, "दर्शन झालं का गं तुझं नीट?"

"झालं," मी म्हटलं. डोळ्यांतलं पाणी थांबेना.

ती बाई त्याच रस्त्यावर, त्याच वेळी कशी होती, याचा मी खल करत नाही. प्रभाला सांभाळणारी मी एकटी, हा माझा समज तेवढा त्या दिवशी गळून पडला. तिच्या मुलाला मी सगळं खरं सांगितलं. अजूनही तिला घेऊन घराबाहेर पडताना छाती धडधडते. देवाचं नाव घेते, आणि निघते.