पाण्याचा काटा

जगात जे जे काही तापतं, त्या सगळ्याची देखरेख परमेश्वरानं एकट्या आपल्यावर सोपवली आहे, अशी माझ्या साडूंची पक्की समजूत होती. त्यामुळे परमेश्वर निवांत होता आणि साडूंना मात्र बूड टेकायला सवड नव्हती. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, बेळगावच्या; थोरली त्यांची, धाकटी माझी. नोकऱ्याही दोघांच्या बंगळूरला एकाच ठिकाणी, विमानांची इंजिनं तयार होत तिथं. ते इंजिनिअर, मी ड्रॉइंग ऑफिसात. मल्लेश्वरममध्ये एकाच आवारात समोरासमोर बिऱ्हाडं होती. म्हणजे घरी आणि दारी, कुठंही गेलो तरी साडू दिसायचेच, आणि दिसायचे ते चालताना. त्यांना मी अण्णा म्हणायचो. बंगळूरला जो तो अण्णाच असतो, पण हे मनापासूनचे होते.

सकाळी बंबाजवळ त्यांची पहिली फेरी. बंबाला हात लावायचा, चटका बसला की 'हां' म्हणायचं, आणि तो बरोबर बसला का याची खात्री करायला पुन्हा लावायचा. चहा कपात पडला की ते बशीला, कपाला आणि जमलं तर शेजारच्याच्या कपालाही बोट लावून बघत. एवढं होईतो चहा निवायचा आणि मग 'हा काय चहा आहे?' म्हणून अक्काला, म्हणजे त्यांच्या बायकोला, ऐकून घ्यावं लागायचं. इस्त्रीवाल्याच्या गाडीपाशी ते थांबत, कोळसे बघून त्याला दोन सूचना करत. सिनेमाला आम्ही चौघं एकदाच गेलो. मध्यंतरात साडू गायब. पडद्यावर पुढचा भाग सुरू झाला तरी पत्ता नाही. शेवटी डोअरकीपर त्यांना दंडाला धरून घेऊन आला. ते वर प्रोजेक्टरच्या खोलीत शिरून दिव्याच्या डब्याला हात लावून आले होते. उरलेला सिनेमा त्यांनी मान मागं वळवून, प्रोजेक्टरच्या भोकाकडे बघत काढला. पुढ्यात नायिका रडत होती आणि आमच्यामागं बसलेल्या बाईंना वाटलं, हा गृहस्थ आपल्याकडेच टक लावून बघतो आहे. त्यावरून जे झालं ते सांगण्यात अर्थ नाही.

बसवनगुडीला माझ्या मेहुणीच्या मुलीचं, म्हणजे साडूंच्याच मुलीचं लग्न होतं, तेव्हा तर मुहूर्ताला वधुपिता सापडेना. अंतरपाट धरलेला, भटजी घड्याळाकडे बघताहेत, आणि साडू मागच्या अंगणात जिलबीच्या कढईपाशी. आचारी धारवाडकडचा होता. तो हात जोडून म्हणत होता, "अण्णा, स्वल्प बाजूला व्हा. तेल उडायलंय. लग्न तुमच्या पोरीचं आहे की." साडू त्याला म्हणाले, "लग्न लागतंच हो. तेल बिघडलं तर परत येणार आहे काय?" मी त्यांना ओढतच मांडवात आणलं. पोरीच्या डोक्यावर अक्षता टाकताना मात्र त्यांनी हात क्षणभर तिच्या कपाळावर ठेवला. आशीर्वाद होता की ताप बघितला, ते त्यांनाच ठाऊक.

कारखान्यात या माणसाला त्याच्या स्वभावाचंच काम मिळालं होतं. लहान विमानांची इंजिनं तेव्हा बहुतेक वाऱ्यानंच थंड व्हायची. पण आमच्या साहेबांच्या मनात आलं की एका दोन माणसांच्या विमानाला पाण्यानं थंड होणारं इंजिन बसवून बघावं. इंजिनाभोवती पाणी फिरायचं, तापायचं, रेडिएटरमध्ये निवायचं आणि परत फिरायचं. ते किती तापलं हे वैमानिकाच्या पुढ्यातल्या तबकडीवर एक काटा दाखवायचा. त्या काट्याचं दुसरं टोक, म्हणजे एक लहानशी नळी, इंजिनावरच्या पाण्याच्या पाइपात बुडवलेली असायची. हा पाण्याचा काटा साडूंच्या ताब्यात होता. काटा वर चढला की सगळे घाबरायचे आणि साडू खूश व्हायचे. निदान तो खरं बोलतो आहे, म्हणायचे. काटा खाली असला की ते अस्वस्थ. "हे बघा," त्यांनी मला एकदा समजावलं होतं, "ती नळी पाण्यात बुडाली आहे तोवर काटा खरा. पाणीच निघून गेलं तर ती कोरडी लोंबकळत राहणार, आणि काटा म्हणणार, सगळं थंड आहे बरं का. इंजिन तिकडं भाजून निघालंय आणि हा इकडं खुशाली सांगतोय. ओरडणाऱ्याचं भय नाही हो. गप्प बसणाऱ्याचं आहे."

हे त्यांना पुस्तकानं शिकवलं असेल, पण पटवलं होतं अक्काच्या इडलीपात्रानं. शेजारच्या कन्नड बाईंनी अक्काला एक युक्ती सांगितली होती. इडलीपात्राच्या तळाशी पाण्यात एक नाणं टाकायचं. पाणी उकळतं आहे तोवर ते तळाशी खडखडत राहतं. पाणी आटलं की नाणं गप्प होतं, मग धावायचं. अक्कानं त्यासाठी चलनातून गेलेला एक भोकाचा पैसा ठेवला होता. रविवारी सकाळी त्यांच्या घरातून तो खडखडाट आमच्या ओसरीवर ऐकू यायचा आणि साडू त्या तालावर घरभर फिरायचे. "आमच्या अख्ख्या विभागाला जे जमलं नाही ते या बायकांनी एका पैशात केलंय," असं ते येईल त्याला सांगत. साहेबांनाही सांगून झालं होतं. साहेबांना ते आवडलं नव्हतं.

साहेबांची आणि त्यांची तशीही धुसफूस होती. विमान जमिनीवर बांधून इंजिन चालवून बघत, तेव्हा साडूंनी दोनदा मधेच हात आडवे करून ते बंद करायला लावलं होतं. दोन्ही वेळा काही निघालं नाही, पाणी काठोकाठ. लांडगा आला रे आला, असं हाताखालची पोरं कुजबुजायला लागली. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की पुन्हा विनाकारण इंजिन थांबवलंत तर विमानापासून तुमची बदली, कँटीनच्या बॉयलरवर. साडू घरी येऊन मला म्हणाले, "बॉयलरचं काम वाईट नाही हो." पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बंबाला हात लावला नाही.

आणि मग दिल्लीहून मोठे पाहुणे विमान बघायला येणार असं ठरलं. विमान त्यांच्यासमोर उडालं तर पुढचे पैसे मंजूर, असा एकूण रंग होता. आठवडाभर रंगरंगोटी चालली, साडूंनी रेडिएटरही नवा बसवला. विमानाखालची फरशीसुद्धा त्या सकाळी आगीच्या बंबानं पाणी मारून लखलखीत धुतली. पाहुणे शामियान्यात बसले, वैमानिक आत चढला. तो कोडगूचा, म्हणजे कुर्गकडचा, हसतमुख मुलगा होता. घरी म्हातारी आई, आणि महिन्याभरानं लग्न. इंजिन सुरू झालं. इतके दिवस उन्हात भराभर चढणारा काटा त्या दिवशी थोडा चढला, थांबला, आणि हळूहळू उतरायला लागला. वैमानिकानं अंगठा वर केला. साहेब साडूंचा हात हातात घेऊन म्हणाले, "तुमच्या नव्या रेडिएटरचा गुण बरं का. पाहुण्यांना सांगतो मी."

ते कौतुक साडूंनी ऐकलंच नाही. मी त्यांच्या शेजारी होतो. ते एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होते. "ऊन चढायलंय, इंजिन जोरात आहे, आणि काटा उतरायलाय? का उतरायलाय? कारण सांगा की मला," ते म्हणाले. मी म्हणालो, "अण्णा, आज नको. आज गप्प बसा." मला अक्का दिसत होती, बदली दिसत होती. खोटं कशाला सांगू, त्या मुलाची आई मला दिसली नाही. साडूंनी साहेबांच्या हातातला हात सोडवून घेतला, आणि धोतराचा सोगा सावरावा तशी पँट वर ओढत विमानाच्या फिरत्या पंख्याला वळसा घालून विमानाच्या कुशीला जाऊन उभे राहिले. हात आडवे केले. पोरं हसली. वैमानिकानं आधी साहेबांकडे बघितलं, मग साडूंकडे, आणि इंजिन बंद केलं.

साडूंनी इंजिनावरचं झाकण उघडून तळवा सरळ पाइपावर ठेवला. त्यांची ती सवयच. या वेळी मात्र ते 'हां' म्हणाले नाहीत. हात झटकन मागं आला तेव्हा कातडी सोलवटली होती. खालची रबरी नळी निसटली होती आणि सगळं पाणी वाहून गेलं होतं. ओल्या फरशीवर आणखी थोडं पाणी, कुणाला दिसणार? आपणच धुतलेली फरशी. रेडिएटर कोरडा ठणठणीत होता. वैमानिक खाली उतरला, त्यानं आत वाकून बघितलं, आणि साडूंचा दुसरा, धड हात हातात धरून उभा राहिला.

पाहुण्यांनी विचारलं, "मग उडणार नाही का?" नाही म्हटल्यावर ते जेवायला गेले. पुढे काही महिन्यांनी ते काम गुंडाळलं गेलं; वाऱ्यानं थंड होणारी इंजिनं काय वाईट आहेत, असं वर ठरलं. साडूंची बॉयलरवर बदली झाली नाही. उलट त्यांना बढती मिळाली, स्वतंत्र खोली, डोक्यावर पंखा, आणि तापणारी एकही वस्तू आसपास नाही. तिथं माणूस निवत गेला. घरी येऊन ते ओसरीवरच्या खुर्चीत बसत, आणि बसूनच राहत. चहा दिला की पिऊन टाकत, बोट न लावता. आयुष्यभर ज्यांच्या येरझाऱ्यांनी आम्हाला वैताग आणला ते स्वस्थ बसलेले बघून मीच उठून फेऱ्या मारायचो. गप्प बसणाऱ्याचं भय आहे, हे त्यांनीच शिकवलं होतं.

एका रविवारी मी त्यांच्याजवळ बसलो होतो. आत इडल्या होत होत्या, वास येत होता, पण खडखडाट नव्हता. साडूंनी मान वर केली, कान दिला, आणि एकदम उठून "अगं, पाणी आटलं, पाणी!" करत आत धावले. भांड्याला हात लावला, चटका बसला, झाकण काढून वाफ तोंडावर घेतली, अक्काला चार शब्द सुनावले आणि त्या भरात बंब, शेगडी, दुधाचं पातेलं, सगळीकडे फेरी मारून आले. मी दारात उभा होतो. अक्कानं पदराआडची मूठ उघडून मला दाखवली. तो भोकाचा पैसा तिच्या हातातच होता. "दर रविवारी असंच करते, भावोजी," ती हळूच म्हणाली, "तेवढंच उठतात."

तिची ही युक्ती मी पुष्कळ दिवस पोटात ठेवली. एकदा फिरायला गेलो असताना राहवलं नाही, म्हणून साडूंना सांगून टाकली. ते थांबले. भाजलेल्या तळव्याची कातडी तेव्हाही गुळगुळीत, गुलाबी होती. ती त्यांनी दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं चोळली.

"मला कळत नाही होय?" ते म्हणाले. "पाणी असलं की भांडं निराळं वाजतंय, नाणं असो नसो. जन्म गेला की ह्यात. पण ती तिथं मूठ झाकून उभी असते हो, मी उठतो का बघत. उठावंच लागतंय."

आणि ते पुढे चालायला लागले, नेहमीसारखे भराभर.